हरवलेले त्रेसष्ट मीटर

काल रात्री पावणेबाराला तुझा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटांचा! त्यातली पहिली दीड मिनिटं तू नुसती चिडलेली होतीस, ती मी सोडून दिली. उरलेल्यातून कळलं ते एवढंच, की कळसूबाईच्या माथ्यावर देवळाशेजारी उभी असताना तुझ्या नव्या घड्याळानं उंची दाखवली १५८३ मीटर. कळसूबाई १६४६, हे आपल्याला शाळेपासून पाठ. म्हणजे त्रेसष्ट मीटर कुठेतरी सांडले. त्यात बरोबरच्या मुलानं आपल्या मनगटावरचे १६४१ तुझ्या नाकासमोर धरले आणि तुझा तोल गेला. "ताई, एवढे पैसे घातले आणि डबडं निघालं. परत करू का?"

नको करूस. आधी माझं ऐक, मग काय ते ठरव.

तुझ्या त्या मेसेजमध्ये तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य घाईघाईत येऊन गेलं. "शुक्रवारी रात्री ते अपडेट आलं होतं ना, ते टाकून टाकलं, म्हटलं ट्रेकला ताजं असावं." तू ते सहज बोललीस, पण मी तिथे मेसेज थांबवून परत ऐकला. आई नाही का, पोट दुखतंय म्हटलं की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी "काल काय खाल्लंस?" एवढंच विचारते, तसं झालं माझं.

पण अपडेटकडे नंतर येते. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. तुझ्या घड्याळाला उंची कळत नाही. त्याला फक्त हवेचं वजन कळतं. घड्याळाच्या कडेला नीट बघ, एक-दोन बारीक भोकं दिसतील. त्यांच्या आत डाळीच्या दाण्याएवढा सेन्सर आहे, तो बॅरोमीटर. आपल्या डोक्यावर हवेचा जेवढा थर, तेवढा तिचा दाब. समुद्रकाठी हा दाब सरासरी १०१३ हेक्टोपास्कल धरतात. तिथून साधारण साडेआठ मीटर वर गेलं की एक हेक्टोपास्कल उतरतो. कळसूबाईच्या उंचीवर हवा विरळ, म्हणून तोच एक उतरायला दहाएक मीटर लागतात. घड्याळ दाब मोजतं आणि कोष्टकातून उंची काढतं. सेन्सर इतका हळवा असतो की तू घरात एक जिना चढलीस तरी त्याला पत्ता लागतो. त्यामुळे यंत्रात खोट क्वचितच असते. खोट असते ती "दाब बदलला म्हणजे तू चढलीस किंवा उतरलीस" या त्याच्या समजुतीत. दाब तर तू जागची न हलताही बदलतो.

विश्वास बसत नसेल तर मी केलं ते कर. एका सुट्टीच्या दिवशी मी घड्याळ सेन्सरच्या मेनूत जाऊन फक्त उंचीच्या मोडवर टाकलं आणि जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिलं. कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद. सकाळी दहाला त्यात आपल्या पुण्याची खरी उंची भरली, ५६० मीटर. मग दर दोन तासांनी येताजाता बघायचं आणि कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहायचा. बाराला ५६७. दोनला ५७९. दुपारी चारला ५८६! सव्वीस मीटर, म्हणजे आठ-नऊ मजले चढून गेलं की गं ते, बरणीशेजारी बसल्या बसल्या. रात्री दहाला बघते तर उतरून परत ५६४ वर.

हा काही बिघाड नव्हे. समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशी हवेलाही असते. उन्हानं वातावरण तापतं-निवतं त्यामुळे दिवसातून दोनदा दाब वर जातो, दोनदा खाली येतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला तो सर्वांत जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला सर्वांत कमी. युरोपात रोजची वादळं-पावसं दाब इतका हलवतात की ही लय त्यात बुडून जाते. आपल्या उष्ण पट्ट्यात मात्र ती घड्याळ लावावं इतकी नेमकी दिसते. आणि ऋतूंचं वेगळंच. जानेवारीत मुंबईत जेवढा दाब असतो त्यापेक्षा जुलैत आठ-दहा हेक्टोपास्कलनं कमी. थंडीत लावलेलं घड्याळ परत न लावता आषाढात घालून जुहूला गेलीस, तर चौपाटीवर भेळ खाताना ते तुला ऐंशी मीटर उंचावर बसवेल.

आता तुझा शनिवार बघू. बारीतून तुम्ही पाचला निघालात. पायथ्याशी घड्याळ बरोबर होतं, कारण तूच म्हणालीस की सगळ्यांचे आकडे तिथे जुळले होते. माथ्यावर पोचलात साडेनऊला. पहाटेच्या ओहोटीत निघालात आणि सकाळच्या भरतीत पोचलात. मधल्या वेळात हवा दोनेक हेक्टोपास्कलनं जड झाली. घड्याळाला वाटलं, ही तेवढी कमीच चढली. वीसएक मीटर इथे गेले.

राहिले चाळीसएक. ते कुठे गेले हे मलाही बरीच वर्षं कळलं नव्हतं. घड्याळाच्या कोष्टकात जी हवा धरलेली असते ती आपली नाही गं. ते कोष्टक म्हणतं समुद्रसपाटीला पंधरा अंश तापमान, आणि वर जावं तसं दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड. म्हणजे बाराशे मीटरवर सातेक अंश. आपल्याकडे डिसेंबरातल्या गार पहाटेसुद्धा तेवढा गारठा विरळा. गरम हवा फुगते. फुगलेल्या हवेत तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं. वैमानिकांचा ठोकताळा आहे, कोष्टकापेक्षा हवा दहा अंशांनी गरम असेल तर उंचीतला फरक सुमारे चार टक्क्यांनी कमी दिसतो. तुमच्या चढाईच्या वेळी हवा दहा-बारा अंशांनी गरम असणार. बारी ते माथा आठशे-साडेआठशे मीटरांचा चढ. त्याचे चार-साडेचार टक्के काढ बघू तोंडी. पस्तीस-चाळीस येतात ना? म्हणजे वीस आणि चाळीस. तुझे त्रेसष्ट मीटर जवळजवळ सापडले. कोणी चोरले नव्हते, हवेतच होते.

मग त्या मुलाचं घड्याळ कसं बरोबर? तो काही वेगळी हवा घेऊन आला नव्हता. त्याच्या घड्याळात चालता चालता दुरुस्ती करायची सोय चालू होती. ते मधून मधून जीपीएसला किंवा आत साठवलेल्या नकाशातल्या उंचीला विचारतं आणि बॅरोमीटरचा आकडा हळूच सरळ करतं. तुझ्यातही ती सोय आहे. अल्टिमीटरच्या मेनूत जा, ऑटो कॅलिब्रेशन नावाचं काहीतरी असेल. माझी पैज, ते आत्ता बंद असेल, आणि बंद झालं असेल ते शुक्रवारी रात्री.

आलो की नाही अपडेटवर?

अपडेटमध्ये असं होतं हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. तीन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनच्या आदल्या रात्री मी हेच करून बसले होते. लॉजवर रात्री नऊला घड्याळानं विचारलं, नवीन आवृत्ती आली आहे, टाकू? आणि मी शहाणी, म्हटलं टाक. बासष्ट टक्क्यांवर जे अडकलं ते अडकलंच. लॉजच्या वायफायची एक रेघ यायची, जायची. साडेदहाला पडद्यावर नुसतं चिन्ह, दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. माझ्या खोलीतली मैत्रीण तोंडावर पांघरूण घेऊन म्हणाली, "अगं झोप आता, पळायचं पायांनी असतं." पण मला झोप कुठली! पावणेदोनला ते एकदाचं जिवंत झालं, आणि बघते तर मी महिनाभर जमवलेली पानं गायब. हृदयाच्या ठोक्यांचे टप्पे कारखान्यातले, किलोमीटरच्या जागी मैल, आणि पहाटे चारचा गजर पुसलेला. तो पुसला गेलाय हे मला कळलं मैत्रिणीचा गजर वाजला तेव्हा.

पुढची गंमत तर यवतेश्वरच्या घाटात झाली. पाऊस धो धो, मी जीव खाऊन चढतेय, आणि घड्याळ सांगतंय की मी उतरतेय. तो दोष अपडेटचा नव्हता हे नंतर समजलं. सेन्सरच्या भोकात पाणी साचलं होतं आणि आतल्या सेन्सरपर्यंत हवा पोचतच नव्हती. पण त्या क्षणी मी घाटात उभी राहून अपडेटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तूही रात्री तेच करत होतीस, म्हणून मला हसू आलं. राग नको धरूस.

तेव्हापासून माझा नेम आहे. मोठा ट्रेक किंवा शर्यत आठवड्याभरावर आली की अपडेटला हात लावायचा नाही. आपोआप येणारं अपडेट बंद करून ठेवायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन क्रीम चेहऱ्याला लावतो का आपण? एरवी टाकायचं असेल तर घरी, सोमवारी-मंगळवारी, बॅटरी निम्म्याच्या वर असताना. आणि लगेच नाही. नवीन आवृत्ती आल्यावर मी दहा-पंधरा दिवस थांबते. तोवर घाईच्या लोकांना काय काय त्रास झाला ते कळतं, आणि बहुतेक वेळा पाठोपाठ आधीच्या चुका दुरुस्त करणारी आणखी एक छोटी आवृत्ती येतेच. बीटा म्हणून जे काही येतं त्याच्या वाटेला तू जाऊ नकोस. तो ज्यांना यंत्राशी खेळायची हौस आहे त्यांचा प्रांत. एकदा टाकलेलं अपडेट मागे घेता येत नाही, निदान तुझ्या-माझ्यासारखीला तरी नाही. म्हणून आधी सगळे जुने ट्रेक फोनवर सिंक करून घे, आणि सेटिंगची पानं एकेक उघडून फोननं त्यांचे फोटो काढून ठेव. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या फोनमध्ये आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि घड्याळाची सेटिंगं अशी एकाच अल्बममध्ये आहेत.

अपडेट झाल्यावर घड्याळ एकदा पूर्ण बंद करून चालू करायचं. पहिला दिवसभर बॅटरी भराभर उतरली तर घाबरू नकोस, त्याची आत आवराआवर चालू असते. मग उंचीचा मेनू उघडून बघायचं, ऑटो कॅलिब्रेशन चालू आहे ना. आणि ट्रेकला नेण्याआधी पर्वतीला किंवा तुमच्याकडच्या एखाद्या टेकडीला एक फेरी मारून यायची. तुला सांगते, अपडेटनंतरची पहिली फेरी ही माणसानं घड्याळाची घ्यायची परीक्षा असते. आपली नाही.

पण याचा अर्थ असा नको काढूस की अपडेट टाकूच नये. आपले बाबा तसे होते. त्यांच्या फोनवर लाल ठिपक्यांची दिवाळी असायची. एप्रिल २०१९ मध्ये काय झालं माहितीये? जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात, आणि जुन्या पद्धतीत ती मोजणी १०२४ आठवड्यांनी संपून परत शून्यावर येते. म्हणजे एकोणीस-साडेएकोणीस वर्षांनी. १९९९ च्या ऑगस्टमध्ये एकदा आली होती, २०१९ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्यांदा. ज्या जुन्या यंत्रांना त्याआधी अपडेट मिळालं नव्हतं त्यातली काही चक्क वीस वर्षं मागे गेली. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८. तोवर तुझं हे घड्याळ टिकलं तर मी तुला पेढे देईन.

आणखी एक, जे अपडेटच्या नावाखाली खपतं पण अपडेट नसतं. फोनला जोडलंस की घड्याळ उपग्रहांचं पुढच्या काही दिवसांचं वेळापत्रक गुपचूप उतरवून घेतं. ते जवळ असलं की आकाशाखाली गेल्यावर काही सेकंदांत जागा सापडते. शिळं झालं की तेच घड्याळ पायथ्याशी पाच-पाच मिनिटं चाचपडत बसतं, आणि आपण "चला, सापडेल वाटेत" म्हणून निघतो. मग सुरुवातीची उंचीच चुकते आणि ती चूक माथ्यापर्यंत आपल्याबरोबर चढते. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी सिंक कर. अपडेट नाही, नुसतं सिंक. आणि पायथ्याला दोन मिनिटं उघड्यावर उभी राहा. चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली नाही.

आता तू म्हणशील, मग सगळं जीपीएसवरच का नाही सोडत, त्या हवेच्या भानगडीत पडायचंच कशाला. अगं, जीपीएस आडवं चांगलं, उभ्यात कच्चं. सगळे उपग्रह डोक्यावर, पायाखाली एकही नाही, कारण मधे पृथ्वी आहे. चारी बाजूंनी दोर बांधलेला मांडव हलत नाही, पण सगळे दोर वरूनच असतील तर तो वर-खाली झुलणारच ना? तसं होतं. जमिनीवरच्या जागेत पाच मीटरची चूक असेल तर उंचीत दहाची धर, कडेकपारीत त्याहून जास्त. शिवाय जीपीएसला आपला समुद्र ठाऊकच नसतो. ते पृथ्वीचा एक गुळगुळीत, दोन टोकांना किंचित दबलेला गोळा धरून हिशेब करतं. खरा समुद्र कुठे त्या गोळ्याच्या वर असतो, कुठे खाली. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभराहून जास्त मीटर खाली आहे, जगातला सगळ्यात खोल खड्डा तो, आणि आपल्या महाराष्ट्रातही साठ-सत्तर मीटर खाली. घड्याळात या फरकाचा तक्ता असतो म्हणून बरं, नाहीतर तुला गेटवेला उभी केली असती तर घड्याळानं पाण्याखाली साठ मीटर दाखवलं असतं.

राहिला नकाशा. घड्याळात डोंगरांच्या उंचीचा जो नकाशा असतो त्यात जमीन चौकोनांत कापलेली असते, आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. देशावरच्या सपाट रानात हे छान चालतं. पण आपला सह्याद्री म्हणजे भिंत. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभी राहा आणि जीपीएसची जागा तीस मीटर पश्चिमेला सरकू दे. नकाशाच्या मते तू कड्यावर नाहीस, कड्याखालच्या दरीच्या वाटेवर आहेस! अशा जागी नकाशावरून कॅलिब्रेट केलंस तर घड्याळ शंभर-दोनशे मीटर सुद्धा खाली आपटेल. कड्याच्या काठावर, दरीच्या तोंडाशी, बुरुजावर हे बटण दाबायचं नाही. पठार बघ, मैदान बघ, गावचं देऊळ बघ, तिथे दाब.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे स्वतः हातानं आकडा भरणं. पण आकडा खरा हवा. माझी आवडती जागा सांगू? रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाला ती पिवळी पाटी असते ना, तीन लिप्यांत गावाचं नाव, त्याच्या खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. आपण लहानपणी गाडी थांबली की ओरडून वाचायचो, लोणावळा सव्वासहाशे म्हणून. ती पाटी रुळांसाठी नीट मोजून लिहिलेली असते. कसाऱ्याला किंवा इगतपुरीला उतरून ट्रेकला जाणार असशील तर फलाटावरच घड्याळ लाव, फुकटात काम होतं. याउलट पर्यटकांसाठी रंगवलेल्या पाटीवर जीव टाकू नकोस. लडाखला खारदुंगलाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं, म्हणजे ५६०० मीटरच्या वर. लोकांनी तिथे फोटो काढले, टी-शर्ट छापले. आणि जीपीएसनं मोजली तर खिंड भरते ५३५९ मीटर. अडीचशे मीटरची थाप! तिथल्या पाटीवरून तू घड्याळ लावलं असतंस तर पुढचा अख्खा लडाख अडीचशे मीटर उंच झाला असता.

हां, विमानात घड्याळाकडे बघून दचकू नकोस. तिथे ते दोन-सव्वादोन हजार मीटर दाखवतं, कारण केबिनमधली हवा तेवढ्याच उंचीवरची ठेवलेली असते. बाहेर तू दहा किलोमीटरवर असतेस. मी एकदा शेजारच्या आजोबांना हे समजावून सांगायला गेले, आणि त्यांनी घाबरून हवाई सुंदरीला बोलावलं.

आता त्या भोकांचं. तू उन्हाळाभर सनस्क्रीन थापून, घामाघूम होऊन पळतेस. ते मेण, घाम, मीठ सगळं त्या भोकांत जाऊन बसतं. माझं एकदा असं झालं होतं की जिना चढले तरी आकडा हलायचा नाही आणि मग दहा मिनिटांनी एकदम उडी मारायचा. सर्व्हिस सेंटरला नेणार होते. त्याआधी एका स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकला आणि घड्याळ पट्ट्यासकट दहा मिनिटं बुडवून ठेवलं. वर काढलं तर वाटीच्या तळाशी पांढुरका, दुधाळ गाळ. पाणी चाखून बघायचा मोह झाला, इतकं ते खारट असणार! मग साध्या पाण्याच्या नळाखाली धरून दोनदा खळखळून धुतलं, पालथं घालून फडक्यावर रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या पायरीपायरीला आकडा हलायला लागला. तुझं पाण्यात चालणारंच आहे ना, ते आधी पुस्तिकेत बघून घे. आणि सुई, टाचणी, टूथपिक यातलं काहीही त्या भोकात घालायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे. कानातल्याच्या भोकाचं काय केलं होतंस ते विसरलेली नाही मी.

वाऱ्याच्या दिवशी घड्याळ बाहीच्या आत घे, झोत थेट भोकावर आला की आकडा नाचतो. पण बाही घट्ट आणि ओली नको.

आणि ते एकूण चढाईचं जे तू म्हणालीस, की तुझे ७८० आणि त्याचे ९१०, त्यावर मी वेळ घालवणार नाही. वर-खाली होणारा प्रत्येक लहानसा आकडा धरायचा की सोडायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. तीच वाट, तीच माणसं, दोन घड्याळं, दोन बेरजा. एवढ्या कमी-जास्तीवरून पैज लावली असशील तर ती हरलीस असं मान आणि त्याला वडापाव दे.

शेवटचं, कारण आता माझ्याकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. हा उंचीचा आणि हवेचा संबंध पहिल्यांदा डोंगर चढून तपासला गेला तो फ्रान्समध्ये, १६४८ च्या सप्टेंबरात. कल्पना ब्लेझ पास्कलची, ज्याच्या नावानं आपण हेक्टोपास्कल म्हणतो. पण तो प्रकृतीनं तोळामासा, आणि राहायला पॅरिसकडे. मग डोंगर कोण चढणार? त्यानं पत्र लिहिलं आपल्या मेव्हण्याला. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला! तो बिचारा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची काचेची नळी घेऊन पुई-द-डोम नावाचा डोंगर चढला. तो डोंगर १४६५ मीटर, म्हणजे आपल्या तोरण्याहून जेमतेम साठ मीटर जास्त. माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर खाली उतरलेला निघाला. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते वेगळंच. निघताना त्यानं दुसरी एक नळी खाली गावातल्या मठात ठेवली आणि एका साधूला सांगितलं, दिवसभर हिच्याकडे बघत बस, पारा हलतो का सांग. खालची हवाच बदलली तर वरच्या आकड्याला काय अर्थ, हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. तुझ्या शनिवारच्या पाच ते साडेनऊची सगळी गोष्ट त्या खालच्या नळीत आहे.

तर मी असं ठरवलंय. या रविवारी तू पहाटेच्या गाडीनं ये, नाहीतर शनिवारी रात्रीच मुक्कामाला. सिंहगड करू, आतकरवाडीतून. माथा १३१२ मीटर. घड्याळ धुऊन आण, सिंक करून आण, अपडेट काहीही आलं तरी नाही म्हण. ऑटो कॅलिब्रेशन मुद्दाम बंदच ठेवू. आणि माझं जुनं घड्याळ घेऊन तुझे भाऊजी खाली आतकरवाडीत टपरीवर बसतील, दर अर्ध्या तासाला आकडा लिहीत. त्यांच्या गुडघ्यांमुळे ते हल्ली वर येत नाहीतच. काल रात्री विचारलं त्यांना. म्हणाले, "चढायचं नाही ना? मग करतो. पण भजी मी मोजणार नाही."